मांजर येईपर्यंत

शिक्षणशास्त्रात संशोधन करणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीला मुलांची सर्जनशीलता मोजणाऱ्या एका चाचणीच्या उत्तरपत्रिका तपासण्यासाठी दुसरा परीक्षक हवा होता. अशा कामात एकाच माणसाच्या नजरेवर भिस्त ठेवत नाहीत. दोघांनी एकमेकांचे गुण न पाहता तोच गठ्ठा तपासायचा आणि मग दोन्ही तक्ते शेजारी ठेवून कुठे जुळते, कुठे बिनसते हे पाहायचे, अशी रीत आहे. प्रश्न सोपा होता. पुठ्ठ्याच्या रिकाम्या खोक्याचे जितके सुचतील तितके उपयोग लिहा, एवढेच त्या आठ-नऊ वर्षांच्या मुलांना सांगितलेले होते. पहिल्या काही पानांतच मुलांच्या मनातल्या मळलेल्या वाटा दिसू लागल्या: खेळणी ठेवायला, पुस्तके ठेवायला, बाहुलीचे घर करायला, डोक्यावर घालून यंत्रमानव व्हायला, आडवे पाडून आत लपायला. मग एक पान असे आले की त्यावर तीनच ओळी होत्या. पहिली ओळ 'वस्तू ठेवायला'. दुसरी इतका जोर लावून खोडलेली होती की कागद तिथे विरला होता आणि बोट फिरवले तर खरखर लागत होती. तिसरी ओळ, उजवीकडे जाताना हळूहळू वर चढलेल्या अक्षरांत, अशी होती: 'मांजर येईपर्यंत ठेवायला'.

मी त्या उत्तरासाठी तक्त्यात नवा रकाना आखला, त्याला 'वाट पाहणे' असे नाव दिले आणि मौलिकतेचे पूर्ण गुण देऊन पुढे गेले, कारण सबंध गठ्ठ्यात तसे दुसरे उत्तर नव्हते. मैत्रिणीने तेच उत्तर 'प्राण्यांसाठी घर' या रकान्यात टाकले होते. तिथे कुत्र्याचे घर, पक्ष्याचे घरटे, सशाचा पिंजरा अशी गर्दी आधीच झालेली होती, त्यामुळे तिच्या हिशेबी या उत्तराला मौलिकतेचा एकही गुण मिळत नव्हता. तिचे म्हणणे रास्त होते. मुलाला काय म्हणायचे असेल याचा अंदाज परीक्षकाने बांधू नये, कागदावर आहे तेवढेच पाहावे, असा दंडक असतो आणि तो नसता तर प्रत्येक परीक्षकाने आपापल्या हळवेपणाप्रमाणे गुण वाटले असते. मी म्हटले, कागदावर आहे तेवढेच मीही पाहते आहे. घराचा उल्लेख त्या ओळीत कुठेच नाही. थोडी वादावादी झाली, मतभेदाची नोंद झाली, दोन्ही गुणांची सरासरी निघाली आणि गठ्ठा पुढे सरकला. मला मात्र ते उत्तर सोडवेना.

त्या मुलाच्या अंगी सर्जनशीलता किती, याचा निकाल आम्हा दोघींच्या रकान्यांवर लागला होता.

या मोजदादीचा इतिहास सांगताना जे. पी. गिलफर्ड यांच्या १९५० सालच्या भाषणापासून सुरुवात करण्याचा प्रघात आहे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या अध्यक्षपदावरून बोलताना त्यांनी आधीच्या २३ वर्षांतील मानसशास्त्रीय लेखनाच्या सूचीचा हिशेब श्रोत्यांपुढे मांडला होता: सुमारे १,२१,००० नोंदी आणि त्यांपैकी सर्जनशीलतेशी निश्चित संबंध असलेल्या केवळ १८६. मला त्या आकड्यांपेक्षा त्यांच्यामागचा हट्ट अधिक महत्त्वाचा वाटतो. सर्जनशीलता ही मोजक्या प्रतिभावंतांना लाभलेली देणगी आहे असे मानले, की तिचा अभ्यास चरित्रकारांवर सोपवून मोकळे होता येते. ती कमीअधिक प्रमाणात प्रत्येकात असते असे मानले, की मग ती शाळेच्या बाकावर, कागद-पेन्सिलीने, चारचौघांसारख्या मुलांमध्ये शोधावी लागते. गिलफर्ड यांनी दुसरी बाजू घेतली. एकाच बरोबर उत्तराकडे नेणारा अभिसारी विचार आणि एकाच प्रश्नातून अनेक दिशांना फुटणारा अपसारी विचार हा भेद त्यांनी रुजवला, आणि विटेचे उपयोग विचारणारा प्रश्न पुढे इतका रूढ झाला की या क्षेत्रातल्या लोकांना वीट दिसली तर भिंत सर्वांत शेवटी आठवत असावी.

१९६६ मध्ये मानसशास्त्रज्ञ ई. पॉल टॉरन्स यांच्या सर्जनशीलतेच्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या आणि प्रवाहिता, लवचीकता, मौलिकता व विस्तार (कल्पनेत भरलेले बारकावे) हे चार निकष पाठ्यपुस्तकांत स्थिरावले. अध्यापनाचे शिक्षण घेतलेल्या बहुतेकांना ते तोंडपाठ असतात. पाठ असणे वेगळे आणि त्या निकषांनी एखाद्या पोराचे पान तपासणे वेगळे. प्रवाहितेसाठी उत्तरे मोजता आली की पुरते. लवचीकतेसाठी उत्तरांचे गट पाडावे लागतात, आणि तिथे परीक्षकाच्या डोक्यातले कप्पे मुलाच्या उत्तरांवर बसू लागतात. मौलिकतेचा हिशेब तर दुर्मीळतेवर चालतो: समूहातल्या शेकडा किती मुलांना तेच सुचले, त्यावर गुण. म्हणजे आज पूर्ण गुण मिळवणारे उत्तर शेजारच्या वर्गातल्या आणखी काही मुलांनी लिहिले असते, तर तेच उत्तर, त्याच डोक्यातून त्याच क्षणी निघालेले, सामान्य ठरले असते. शिवाय जो अधिक लिहितो त्याच्याकडून एखादे दुर्मीळ उत्तर निघण्याचा संभवही अधिक; त्यामुळे मौलिकता मोजायला जावे आणि हाती पुन्हा प्रवाहिताच लागावी, हे या चाचण्यांचे जुने दुखणे आहे. पॉल सिल्व्हिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये त्यावर एक साधी तोड सुचवली. उत्तरे देणाऱ्यालाच आपली सर्वांत चांगली दोन उत्तरे निवडायला सांगायचे आणि परीक्षकांनी तेवढीच तोलायची. आमच्या तीन ओळींच्या मुलाला असे कोणी विचारले नव्हते. पण खोडणे हीसुद्धा निवडच असते, आणि कागद विरेपर्यंत खोडणे ही तर बरीच विचारपूर्वक केलेली निवड असणार. तिच्यासाठी आमच्या तक्त्यात जागा नव्हती.

खोडलेल्या ओळीमुळे वेळेचा विचार मनात आला. गिलफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्येच दाखवले होते की अशा प्रश्नांची सुरुवातीची उत्तरे बहुतेकांची सारखी असतात. पुढे उत्तरांचा वेग मंदावतो, पण ती अधिकाधिक अनोखी होत जातात. हा निष्कर्ष नंतर वारंवार पडताळला गेला आहे. आधी स्मृती रिकामी होते. पाहिलेले, ऐकलेले, स्वतः केलेले सगळे उपयोग कागदावर उतरतात. मग एक पोकळी येते. पेन्सिलीचे टोक चावले जाते, शेजाऱ्याच्या कागदाकडे उगाच नजर जाते, आणि त्यानंतर कधीतरी, यायचेच असेल तर, पूर्वी न पाहिलेले काहीतरी येते. चाचणीची वेळ नेमकी त्या पोकळीत संपली तर आपण केवळ स्मृती तपासून परत येतो. वर्गातही याहून वेगळे घडत नाही. मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती ऐकून मोजले, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात असे आढळले होते. तो थांबा तीन सेकंदांपर्यंत वाढवल्यावर मुलांची उत्तरे लांबली, अटकळी बांधणारी वाक्ये वाढली आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागली.

तीन सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत. चाळीस मुलांसमोर गप्प उभे राहिले की ते संपता संपत नाहीत.

मायकेल वॉलक आणि नेथन कोगन यांनी १९६५ मध्ये घड्याळच काढून टाकले. पाचवीतल्या १५१ मुलांबरोबर केलेले त्यांचे हे काम या विषयातले मला सर्वांत माणुसकीचे वाटत आले आहे. चाचणी म्हणून काही सांगायचेच नाही, मुलांच्या खेळांविषयी कुतूहल असलेल्या पाहुण्या म्हणून दोन तरुण संशोधिकांनी आधी वर्गात वावरायचे, मुलांच्या अंगवळणी पडायचे, आणि मग एकेकाला घेऊन बसायचे: गोल असलेल्या वस्तू सांग पाहू, या रेषेकडे पाहून काय काय वाटते, बटाटा आणि गाजर यांत सारखे काय. हवा तेवढा वेळ. बरोबर-चूक काही नाही. अशा वातावरणात मिळालेले गुण बुद्धिगुणांकापासून जवळजवळ स्वतंत्र निघाले, म्हणजे एकाची चाहूल दुसऱ्यावरून लागत नव्हती. पण मला चटका लावून गेला तो त्यातला एक विशिष्ट गट. ज्यांची सर्जनशीलता अधिक पण बुद्धिमापनाचे गुण कमी, अशी मुले वर्गात सर्वांत बुजरी, स्वतःवर सर्वांत कमी भरवसा असलेली आणि बेचैनीपायी वर्गात व्यत्यय आणणारी होती. हीच मुले खेळाच्या प्रसंगात खुलली. मूल तेच, काही दिवसांचे अंतर, बदलले होते ते समोरच्या मोठ्या माणसाचे बसणे-बोलणे. वॉलक आणि कोगन यांनी मोजले ते मुलांमधले काहीतरी होते यात शंका नाही, तरी त्या प्रसंगाचाही त्यात मोठा वाटा होता असे मला राहून राहून वाटते.

शाळेत आम्हाला गणित शिकवणारे एक सर होते. फळ्यावर कोणी उदाहरण सोडवले आणि उत्तर बरोबर आले, की ते ना शाबासकी देत, ना फळा पुसत. उत्तराच्या शेजारी खडूने एक उभी रेघ ओढीत, खडू पुन्हा त्या मुलाच्या हातात देत आणि म्हणत, "आता दुसऱ्या रीतीने." आणि स्वतः खिडकीपाशी जाऊन पाठमोरे उभे राहत. त्या रेघेचा मला तेव्हा मनस्वी राग यायचा. उत्तर बरोबर असताना आणखी काय हवे, हा प्रश्न तसा गैर नव्हता. दुसरी रीत हमखास लांबलचक व्हायची, मध्येच अडायची, कधी तर पहिल्या रीतीलाच वळसा घालून परत यायची, आणि ती करताना वर्गासमोरची ती शांतता मानेवर बसायची. वर्गातली हुशार म्हणवली जाणारी मुले फळ्यापाशी जायला टाळाटाळ करू लागली, हे मला स्पष्ट आठवते. त्यांचे एक बरोबर उत्तर तिथे पुरेसे धरले जात नव्हते. मागच्या बाकावरचा एक मुलगा मात्र त्या रेघेच्या उजव्या बाजूला फार रमायचा. त्याची पहिली रीत अनेकदा चुकायची. सरांची ती पद्धत सर्वांना मानवली असे मी म्हणणार नाही. मला स्वतःला तर मुळीच नाही.

इंग्लंडमधल्या शाळकरी मुलांवर काम करणाऱ्या लिअम हडसन यांनी साठच्या दशकात मुलांचे अभिसारी आणि अपसारी असे गट पाडले. पहिल्यांचा ओढा बहुधा विज्ञानाकडे, दुसऱ्यांचा कलाशाखांकडे. वर्गीकरण नीटस होते, आणि नीटस वर्गीकरणे शाळांना फार लवकर आवडतात. मग हडसन यांनीच त्याला सुरुंग लावला. त्यांनी मुलांना सांगितले की आता तुम्ही तुम्ही नाही. एका बेफिकीर, मनमौजी कलावंताच्या जागी स्वतःला कल्पा आणि त्याच्या वतीने उत्तरे द्या. ज्यांना वस्तूंचे दोन-चार उपयोगही जेमतेम सुचत होते अशी अभिसारी मुले धडाधड, चावट, कधी अंगावर येतील अशी उत्तरे लिहू लागली. २०१६ मध्ये डेनिस ड्युमास आणि केव्हिन डनबार यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना लहरी कवीच्या किंवा शिस्तप्रिय ग्रंथपालाच्या भूमिकेत शिरायला सांगितले, तेव्हाही कवी झालेल्यांची उत्तरे अधिक मौलिक निघाली. (ग्रंथपालांवर हा अन्याय आहे, मला भेटलेले सर्वांत कल्पक लोक ग्रंथालयांतच भेटले.) क्षमता होती, तिला परवानगी नव्हती, असा याचा अर्थ लावता येतो. दुसऱ्याचे नाव घेतले की चुकण्याची जबाबदारीही त्याच्याच गळ्यात पडते आणि हात मोकळा होतो, असाही लावता येतो. दोन्हींत फरक आहे की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

परवानगीपेक्षा बक्षिसाची गोष्ट अधिक अडचणीची आहे, कारण तिथे हेतू चांगला असतो. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निसबेट यांचा १९७३ सालचा प्रयोग प्रेरणेच्या प्रकरणात हमखास सांगितला जातो: चित्रे काढायला मुळातच आवडणारी ५१ बालवाडीतली मुले, रंगीत मार्कर पेने, आणि सोनेरी शिक्का व फीत लावलेले प्रशस्तिपत्रक. काहींना आधीच सांगितले की चित्र काढलेस तर हे मिळेल. काहींना न सांगता शेवटी दिले. काहींना दिलेच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात तीच पेने मोकळी ठेवली, तेव्हा आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुले त्यांच्याशी इतरांच्या निम्माच वेळ रमली. इथपर्यंत सर्वांना ठाऊक असते. प्रयोगाच्या वेळी काढलेल्या चित्रांविषयीची नोंद मात्र सहसा सांगितली जात नाही. बक्षिसाच्या आशेने काढलेली चित्रे दर्जाने उणी होती. माझ्या डोळ्यांसमोर ते टेबल येते: एक चित्र झाले की ते बाजूला, लगेच दुसरा कागद, सूर्य, डोंगर, झाड, पुन्हा बाजूला. आमच्या तक्त्यात अशा मुलाची प्रवाहिता भरघोस आली असती. टेरेसा अमाबिले यांनी १९८२ मध्ये सात ते अकरा वर्षांच्या मुलींना कागदाच्या तुकड्यांची चिकटचित्रे करायला दिली, तेव्हाही बक्षिसांसाठी चढाओढ लावलेल्या गटाच्या कृती चित्रकारांच्या नजरेला कमी सर्जनशील वाटल्या. ज्यांना बक्षिसे सोडतीने मिळणार असे सांगितले होते, त्यांच्या अधिक. अमाबिले यांनी निकषांचे रकाने न आखता जाणत्यांना स्वतंत्रपणे पाहू दिले आणि त्यांच्या एकमतावर भरवसा ठेवला, हे मला त्यांच्या पद्धतीतले धाडस वाटते, जरी दोन जाणत्यांचे एकमत होत नाही तेव्हा काय होते, हे मी स्वतः पाहिलेले आहे.

एलिझाबेथ बोनाविट्झ आणि सहकाऱ्यांचा २०११ मधला प्रयोग तर मला शिकवण्याच्या मुळाशीच जाणारा वाटतो. त्यांनी नळ्या जोडून एक खेळणे बनवले होते. एक नळी दुसरीतून ओढली की चूं असा आवाज यायचा. शिवाय कुठे दडलेले दिव्याचे बटण, कुठे सूर काढणाऱ्या पट्ट्या, एका नळीत खोलवर बसवलेला आरसा. काही मुलांना मोठ्या माणसाने रीतसर शिकवले: हे माझे खेळणे, ते कसे चालते बघ, आणि नळी ओढून आवाज काढून दाखवला. काहींसमोर तोच आवाज चुकून निघाल्यासारखा काढला. रीतसर शिकलेली मुले आवाज काढत राहिली, लवकर कंटाळली आणि बाकीच्या गमती त्यांना कमी सापडल्या. त्यांच्या वागण्यात मूर्खपणा मुळीच नाही. जाणत्या माणसाने एकच गोष्ट दाखवली, म्हणजे दाखवण्याजोगे तेवढेच असणार, हा तर्क अगदी रास्त आहे आणि एरवी जगात त्याचा फायदाच होतो. पण प्रयोगात आणखी एक गट होता. तिथे मोठ्या माणसाने तोच आवाज तसाच शिकवला आणि लगेच, काहीतरी लिहून घ्यायचे राहिले असे म्हणून, धडा अर्ध्यावर सोडून ते निघून गेले. ही मुले पुन्हा शोधू लागली. धडा अपुरा आहे एवढे कळणे त्यांना पुरले.

वस्तूंचे ठरलेले उपयोग मनात केव्हा घट्ट होतात, याचाही शोध घेतला गेला आहे, आणि गंमत अशी की तिथेही खोकेच मध्यवर्ती आहे. कार्ल डुंकर यांच्या मेणबत्तीच्या कोड्यात (खोकेभर टाचण्या देऊन मेणबत्ती भिंतीवर बसवायला सांगतात) टाचण्यांनी भरलेले खोके मोठ्यांना फळीसारखे वापरायचे सुचत नाही. तेच रिकामे ठेवले तर चटकन सुचते. तमसिन जर्मन आणि मार्गारेट डिफेटर यांनी २००० मध्ये मुलांना तसाच एक पेच दिला. खोके आधी वस्तू ठेवण्यासाठी वापरलेले पाहिल्यावर सहा-सात वर्षांच्या मुलांना त्यावर उभे राहण्याची युक्ती उशिरा सुचली. पाच वर्षांच्या मुलांवर मात्र त्या पाहण्याचा काहीच परिणाम झाला नाही.

असे काही वाचले की तो प्रसिद्ध आकडा लगेच पुढे येतो: पाच वर्षांची ९८ टक्के मुले प्रतिभावंत असतात आणि मोठेपणी दोनच टक्के उरतात. भाषणांतून, फिरत्या संदेशांतून तो इतका ऐकला आहे की त्याला शास्त्राचा मान मिळाला आहे. जॉर्ज लँड आणि बेथ जार्मन यांनी आपल्या पुस्तकातून तो मांडला. त्यामागच्या मोजणीची छाननी होईल असा सविस्तर शोधनिबंध मात्र नाही. मला त्या आकड्याचा राग येतो, आणि तो पुराव्याच्या अभावापुरताच नाही. त्यात शिकणे हीच झीज ठरते. पाच वर्षांच्या मुलाला खोक्यावर उभे राहायचे सुचते, कारण खोके कशासाठी असते याची चौकट त्याच्यात अजून पुरती बसलेली नसते. पण ती चौकट बसल्यावाचून पुढे कधी कोणाला यंत्र बनवता येत नाही, कादंबरी लिहिता येत नाही, सिद्धता देता येत नाही. टॉरन्स यांनी १९६८ मध्ये चौथीच्या सुमारास सर्जनशीलतेत घसरण दिसते असे नोंदवले आणि ती घसरण अनेक पुस्तकांत कायमची बसली. २०२१ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात चौथीची सार्वत्रिक घसरण सापडली नाही. इयत्तेबरोबर एकंदर चढच दिसला, आणि मध्ये कुठे खळगा असलाच तर तो सातवीच्या आसपास. चाचणी कोणती, मुले कोणत्या देशातली, यांवरही चित्र बदलत होते.

टॉरन्स यांच्याविषयी मनात आदर वाढतो तो त्यांच्या चिकाटीमुळे. १९५८ मध्ये मिनेसोटातल्या प्राथमिक शाळांतून तपासलेल्या मुलांचा पाठपुरावा त्यांनी आयुष्यभर केला आणि त्यांच्यानंतरही तो चालू राहिला. पन्नास वर्षांनंतरच्या आढाव्यात, २०१० मध्ये, बालपणीच्या त्या गुणांचा संबंध माणसांच्या वैयक्तिक जीवनातील सर्जनशील कामगिरीशी माफक प्रमाणात दिसला. जगाने दखल घ्यावी अशा सार्वजनिक यशाशी मात्र दिसला नाही. हा निष्कर्ष कोणी मोठ्या अक्षरांत छापत नाही. घरातली एखादी खोली वेगळ्या तऱ्हेने मांडणारा, मुलांसाठी गोष्टी रचणारा, कामावरची एखादी अडचण आपल्या डोक्याने सोडवणारा, अशा माणसांकडे बोट दाखवणारा तो निष्कर्ष आहे, आणि शाळेने एवढ्यावर समाधानी असायला काय हरकत आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

पण शाळा चालवतात शिक्षक, आणि एरिक वेस्टबी व व्ही. एल. डॉसन यांच्या १९९५ सालच्या अभ्यासात एक अवघड विसंगती आहे. सर्जनशील मुले आवडतात, असे शिक्षक सांगत होते. त्यांच्या आवडत्या विद्यार्थ्यांचे गुणविशेष तपासल्यावर ते सर्जनशील मुलाच्या ठरलेल्या गुणविशेषांशी उलट दिशेने जाणारे निघाले, आणि सर्वांत नावडत्या विद्यार्थ्यांचे त्यांच्याशी जुळणारे. ते खोटे बोलत नव्हते. त्यांच्या मनातले सर्जनशील मूल प्रामाणिक, जबाबदार, भरवशाचे आणि गोड स्वभावाचे होते. दिवसभर वर्ग सांभाळलेल्या कोणालाही यात नवल वाटणार नाही. दर उत्तराला उपप्रश्न काढणारे, सांगितलेले सोडून भलतेच करून आणणारे एक मूल वर्गात असले तरी तास हातातून निसटतो, आणि अभ्यासक्रमाची पाने कोणासाठी थांबत नाहीत.

अलीकडे हे तपासण्याचे काम संगणकाकडे जाऊ लागले आहे. प्रचंड मजकुरात कोणते शब्द एकमेकांपासून किती दूर आढळतात यावरून उत्तर किती दूरचे आहे हे यंत्र मोजते, आणि त्याचे गुण माणसांच्या गुणांशी बरेच जुळतात. यंत्र थकत नाही, त्याची शेजारणीशी वादावादी होत नाही, हजारो पाने एका बैठकीत होतात. मैत्रीण त्या दिशेने वळली आहे आणि तिच्या जागी मी असते तर मीही वळले असते. खोके आणि मांजर हे शब्द जगाच्या मजकुरात एकमेकांना चिकटूनच सापडत असावेत, तेव्हा यंत्राने मैत्रिणीचीच बाजू घेतली असती.

मोजणी जितकी सोपी, तितकी ती वरच्या टेबलांवर लवकर जाते. पिसा या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीच्या २०२२ च्या फेरीत १५ वर्षांच्या मुलांचा सर्जनशील विचार प्रथमच तपासला गेला आणि जून २०२४ मध्ये देशांची क्रमवारी लागली: ६० पैकी ४१ गुण मिळवून सिंगापूर पहिले, ती चाचणी घेणाऱ्या ओईसीडी या आर्थिक सहकार्य संघटनेतल्या देशांची सरासरी ३३. कल्पना सुचण्याबरोबरच ती तपासून सुधारता येते का हेही त्यात विचारले होते, ही गोष्ट मला आवडली. गिलफर्ड यांच्या विटेपासून बरेच अंतर कापले गेले आहे. पण क्रमवारी लागली की तयारी सुरू होते. जे मोजले जाते ते शिकवले जाईल, त्याची सरावपुस्तके निघतील, त्यांत 'मौलिक उत्तरांचे नमुने' असे एक प्रकरण असेल आणि मुले ते निष्ठेने पाठ करतील. मग परीक्षकांपुढे जो गठ्ठा येईल त्यात पानोपानी तीच विलक्षण कल्पना असेल, सुवाच्य अक्षरांत, वेळेच्या आत लिहिलेली, आणि दुर्मीळतेच्या नियमाने तिला शून्य गुण द्यावे लागतील.